औषधापुरती मेंदी

इन्स्पेक्टरसाहेब सोमवारी सकाळी साडेसातला यायचे होते आणि प्रार्थना म्हणणारी मुलगी शेवटच्या ओळीत उभी होती. सुनीतीबाई पुणतांबेकरांच्या शाळेसमोर त्या आठवड्यात एवढीच एक अडचण होती, आणि ती त्यांनी स्वतःच उभी केली होती.

शाळा मुलींची, पाचवीपर्यंतची. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. सुनीतीबाई तिथे मुख्याध्यापिका, म्हणजे काशीच्या भाषेत बडी बहनजी. स्वातंत्र्य येऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, त्यातली बारा वर्षं बाईंनी ही शाळा सांभाळली होती. त्या मुलींवर कधी ओरडत नसत. एखादं गणित सातव्यांदा विचारलं तरी सातव्यांदा सांगत. पण एकदा केलेला नियम मात्र त्या मोडत नसत. "नियम सगळ्यांना सारखा," हे वाक्य पहिलीच्या मुलींनाही पाठ होतं. अर्थ कळायच्या आधीच पाठ झालं होतं.

या नियमांत एक मेंदीचा होता. काही वर्षांपूर्वी श्रावणात सगळी शाळा हात रंगवून आली आणि दोन दिवस पाट्या कोऱ्या राहिल्या. एक बेरीज झाली की तळहात हुंगायचा, दुसरी झाली की शेजारणीचा हुंगायचा, असा अभ्यास चालला होता. तेव्हा बाईंनी सांगून टाकलं, की जी मुलगी मेंदी लावून येईल तिने रंग उतरेपर्यंत प्रार्थनेला शेवटच्या ओळीत उभं राहायचं, हात पाठीमागे धरून.

आणि मावशीच्या लग्नाहून कालिंदी आली ती कोपरापर्यंत रंगून.

कालिंदी तिसरीत होती. शाळेत तिच्यासारखा गळा दुसरा नव्हता. "बहनजी, मावशीने जबरदस्ती लावली. मी झोपले होते. माझी गलती नाही," असं तिने सांगितलं. बाईंना ते पटलंही. पण झोपेत लावलेल्या मेंदीसाठी वेगळा नियम केला, तर उद्या सगळी शाळा झोपेतच मेंदी लावून घेईल, हेही त्यांना माहीत होतं. कालिंदी शेवटच्या ओळीत गेली. तिच्या जागी पुढे इंदूला उभं केलं. इंदू फार गुणी मुलगी होती, पण सूर इतका वरचा लावायची की दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटायचा आणि घाटावरची कबुतरं उडायची.

तपासणीच्या काळजीने बाई आठवडाभर धावत होत्या. फळे काळे केले, नकाशे डकवले, तुटक्या बाकाला स्वतः खिळा मारला. चैत्राचं ऊन. तळहातांची आणि तळपायांची नुसती आग होत होती. रविवारी दुपारी त्या चौथ्यांदा हजेरीपट तपासत बसल्या होत्या, तेव्हा त्यांच्या दोन मैत्रिणी दारात उभ्या राहिल्या. एक आनंदी, ढुंढिराजशास्त्र्यांची बायको, जन्म सगळा याच गल्लीत गेलेली. दुसरी शरदिनी, रेल्वेतल्या साहेबांची, तीन वर्षांपूर्वी भुसावळहून बदली होऊन आलेली.

"ऊठ," आनंदी म्हणाली. "बहरी अलंगला जायचंय."

नदीपलीकडच्या रेतीवर जाऊन आंघोळ, खाणं आणि आराम करायचा, याला काशीत बहरी अलंगला जाणं म्हणतात. हा खास पुरुषांचा हक्क. ढुंढिराजशास्त्री दर रविवारी सकाळी तिकडे जात आणि दुपारी येऊन, फार दमलो, म्हणत झोपत. पलीकडे असं काय दमण्यासारखं आहे ते एकदा बघून यावं, असं आनंदीने बरेच दिवस मनात धरलं होतं. बाईंनी उद्याची तपासणी सांगितली, हजेरीपट दाखवला. आनंदीने तो मिटला आणि कपाटावर ठेवला.

सरजू मल्लाहची नाव ठरलेली होती. आनंदीने आंब्याची डाळ आणली होती, शरदिनीने पन्हं. पलीकडे खरबुजाच्या मळ्यांजवळ सरजूने चार बांबू रोवून वर जुनं शीड बांधून दिलं आणि तो नावेत जाऊन आडवा झाला. सावलीला तिघी बसल्या. वारा सुटला होता. डाळ संपली, पन्हं संपलं, नवऱ्यांविषयी बोलून झालं. मग आनंदीने पिशवीतून फडक्याने बांधलेली एक वाटी काढली. वास आला तशा सुनीतीबाई ताठ बसल्या.

"मेंदी आहे ही."

"औषध आहे," आनंदी म्हणाली. "तुझ्या हातांची आग होते ना? सकाळी पाट्यावर वाटलंय. पाव तास ठेव आणि धुऊन टाक. उष्णता खेचून घेते."

"उद्या इन्स्पेक्टर यायचेत आनंदी. आणि ती कालिंदी बिचारी माझ्यामुळे…"

"अगं, पाव तासात का रंग चढतो? शिवाय पानं गेल्या सालची आहेत. यांच्यात रंग उरलाच नाहीये."

औषधाला नियम लागू नसतो, एवढं बाईंनाही मान्य होतं. त्यांनी डावा हात पुढे केला. थंडगार गोळा तळव्यावर बसला आणि बाईंचे डोळे आपोआप मिटले. आठवडाभरात कुणी त्यांचा हात असा हातात घेतला नव्हता. मग आनंदी म्हणाली, की औषध झालं तरी असं शेणासारखं काय थापायचं, जरा काडीने लावू. काडीने लावायचं तर ठिपके आले. ठिपके आले तर ते जोडायला हवेत. जोडल्यावर कमळ झालं, आणि कमळाला एक तरी वेल नको का? डावा हात झाल्यावर शरदिनी म्हणाली, की आग दोन्ही हातांची होते, मग औषध एकाच हाताला कसं. बाईंना या युक्तिवादात चूक सापडली नाही. त्या वर्गात असत्या तर सापडली असती.

"पाव तास," त्यांनी बजावलं. "घड्याळ बघ, शरदिनी."

शरदिनीने घड्याळ बघितलं. ते अगदी बरोबर चालत होतं. पण सुनीतीबाई दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरून, पिशवी उशाला घेऊन आडव्या झाल्या, आणि पाचव्या मिनिटाला चक्क घोरू लागल्या. पाव तास झाला तेव्हा शरदिनीने आनंदीकडे बघितलं. आनंदीने ओठांवर बोट ठेवलं.

"किती वर्षांनी झोपली असेल अशी," ती हळूच म्हणाली. "झोपू दे."

बाईंना जाग आली ती अडीच तासांनी, आणि तीही सरजूने हाक मारली म्हणून. ऊन कलंडलं होतं. हातावरची मेंदी वाळून तडकली होती. बाई नदीपाशी गेल्या आणि त्यांनी हात धुतले. खपल्या वाहून गेल्या. खाली कमळं उमललेली होती, केशरी, पाकळी न् पाकळी वेगळी.

"बहिनजी, रंग त बड़ा नीक चढ़ल बा," सरजू मनापासून कौतुक करत म्हणाला.

नाव घाटाला लागली. पंचगंगेच्या पायऱ्या चढणं एरवीही सोपं नाही, आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन तर मुळीच नाही. त्यात घाटावर त्यांना न ओळखणारा माणूस नव्हता. प्रत्येक जण हात जोडून नमस्कार करत होता. बाई नुसती मान हलवत होत्या. वर पोचेपर्यंत, बडी बहनजी कुणावर तरी रागावल्यात, ही बातमी त्यांच्या आधी गल्लीत पोचली.

घरी आल्यावर उपाय सुरू झाले. कुठलाही डाग लिंबाने जातो, असं शरदिनीचं मत होतं. तिने शाईचे आणि गंजाचे डाग घालवलेले होते. दोन लिंबं पिळली. चरचरीत घासता यावं म्हणून तिने वर साखरही घातली. रंग जरा गडद झाला. तो ओला आहे म्हणून तसा दिसतोय, असं तिघींनी ठरवलं.

मग सरसूचं, म्हणजे मोहरीचं तेल. डांबर तेलाने सुटतं, हे शरदिनीला रेल्वेमुळे माहीत होतं. तेल चोळून अर्धा तास ठेवलं. केशरी रंग विटकरी झाला. आनंदी आता फारसं बोलत नव्हती. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

एवढ्यात बाईंचे यजमान नीलकंठराव पानाचा डबा घेऊन बाहेर आले. ते निवृत्त भूगोलाचे मास्तर होते आणि तीस वर्षांत बायकोने त्यांचा सल्ला कधी मागितला नव्हता. संधी त्यांनी सोडली नाही. "चुना लावा," ते म्हणाले. "भिंत कितीही कळकट असो, चुन्याने पांढरी होते की नाही?" बाई इतक्या थकल्या होत्या की त्यांना यातही चूक सापडली नाही. पानाच्या डब्यातला चुना दोन्ही हातांना चोळला गेला.

सकाळी बाईंनी उजेडात हात धरले, तेव्हा ते पिकलेल्या जांभळासारखे दिसत होते.

नीलकंठरावांनी चष्मा लावून बघितलं. "मेंदी गडद रंगली की नवऱ्याचं प्रेम जास्त, असं म्हणतात," ते म्हणाले. "तीस वर्षं तू मानायला तयार नव्हतीस."

 बाईंनी नीलकंठरावांचं जुनं धोतर काढलं, फाडलं आणि त्यांच्याकडूनच दोन्ही हातांना पट्ट्या बांधून घेतल्या. "काही नाही, जरा भाजलंय," हे वाक्य त्यांनी शाळेच्या दारापर्यंत मनात तीनदा म्हणून बघितलं. तिन्ही वेळा ते अडखळलं. बारा वर्षं मुलींना खरं बोलायला शिकवल्याचा हा तोटा.

शाळेच्या अंगणात मुली रांगा धरून ओसरीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्या पाठीमागे गल्लीचं दार. बाईंचे हात बघितले आणि अंगण गप्प झालं. छोट्या बहनजी, म्हणजे दुसऱ्या शिक्षिका कुसुम त्रिपाठी, धावत आल्या आणि त्यांनी विचारायच्या आतच स्वतःला उत्तर दिलं, की जळलं असणार. मग तूप आणा, कोरफड आणा, वैद्यजींना बोलवा अशी धावपळ झाली. पहिलीतल्या दोघी रडायला लागल्या. बाई म्हणत होत्या, की काही नाही, काही नाही. पण खरं काय, ते त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

या गडबडीत शेवटची ओळ सोडून कालिंदी पुढे आली. हात अजून पाठीमागेच.

"बहनजी, बहुत दुखतंय का? मी फुंकर घालू?"

बाई काही म्हणायच्या आत तिने पट्टीवर वाकून फुंकर घातली. मग ती थबकली. तिचं नाक एकदा हललं, पुन्हा हललं. गेले आठ दिवस हाच वास ती रोज उशाशी घेऊन झोपत होती. तिने मान वर करून बाईंकडे बघितलं. बाईंनी तिच्याकडे. दोघींना सगळं कळलं.

कालिंदी आणखी जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "मी कुणाला नाही सांगणार."

हे वाक्य तिने प्रेमाने म्हटलं होतं. पण बाईंना ते लिंबापेक्षा जास्त झोंबलं. इन्स्पेक्टरांना काय वाटेल, घाटावर लोक काय म्हणतील, हे सगळं एका बाजूला राहिलं. आठ वर्षांची मुलगी आपल्यासाठी लपवाछपवी करायला तयार झाली आहे, आणि आपण ती करू देतोय, एवढंच त्यांना दिसलं.

"गाठ सोड," त्या म्हणाल्या.

कालिंदीने गाठ सोडली. नीलकंठरावांचं धोतर अंगणात लांबच लांब उलगडत गेलं. बाईंनी दोन्ही तळवे शाळेपुढे धरले. अंगणातून एक मोठा "ओऽऽ" निघाला. पहिलीतल्या रडणाऱ्या दोघींचं रडणं थांबलं. छोट्या बहनजींच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

"मेंदीचा नियम काय आहे?" बाईंनी विचारलं.

"रंग उतरेपर्यंत शेवटची ओळ, हात पाठीमागे," सगळी शाळा एका सुरात म्हणाली.

"आणि नियम कुणाला?"

"सगळ्यांना सारखा."

"मला झोप लागली होती," बाई कालिंदीला म्हणाल्या. "पण ते कारण चालत नाही. चल." आणि त्या हात पाठीमागे घेऊन शेवटच्या ओळीत तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

बाहेर गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षाची घंटी वाजली. छोट्या बहनजी पार घाबरल्या. त्या तिथे आल्या आणि कुजबुजत विचारू लागल्या, की आता साहेबांचं स्वागत कोण करणार, प्रार्थना कोण म्हणणार, पुढे तर इंदू एकटी आहे, आणि तिचा घसा सकाळपासून बसलाय. बाईंनी पुढे बघितलं. इंदूचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी मागे बघितलं. मागे दार होतं, आणि दारातून इन्स्पेक्टरसाहेब येणार होते. शिकवताना एखादा अवघड प्रश्न मुलींना अचानक सुटला, की त्यांच्या तोंडावर जसं उजाडतं, तसं बाईंच्या तोंडावर उजाडलं.

"मुलींनो, पाहुणा दारातून येतो," त्यांनी मोठ्याने म्हटलं. "त्याच्याकडे पाठ करून उभं राहणं शोभतं का? पीछे मुड़!"

ऐंशी मुली एकदम वळल्या. शेवटची ओळ कुठेही न हलता पहिली झाली.

इन्स्पेक्टरसाहेब आत आले, तेव्हा त्यांच्यासमोर हात पाठीमागे धरलेली एक लहान मुलगी गात होती. सूर असा स्वच्छ होता की साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. कबुतरं जागची हलली नाहीत. सगळ्यात मागे गेलेली इंदू सुटकेचे श्वास घेत होती. प्रार्थना संपली. साहेबांनी बाईंना नमस्कार केला. बाईंनी मान लववली, हात पुढे आणले नाहीत.

साहेब जरा गोंधळले. बाकी सगळ्यांचे हात जोडलेले आणि पुढच्या या दोघींचेच पाठीमागे, याचा त्यांना काही अर्थ लागेना. मोठ्या माणसाला विचारायचा त्यांना संकोच वाटला, म्हणून त्यांनी कालिंदीला विचारलं.

"बड़ी बहनजी को सज़ा मिली है," कालिंदीने सांगितलं. "मेहंदी की."

"सज़ा? किसने दी?"

"बड़ी बहनजी ने."

साहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग त्यांनी विचारलं, की ही शिक्षा पुढच्या पाव तासासाठी तहकूब होऊ शकते का, कारण त्यांना हजेरीपट बघायचा आहे. बाई म्हणाल्या, की नियम फक्त प्रार्थनेपुरता आहे. हजेरीपट त्या दाखवतील. मग त्यांनी हात पुढे आणले, आणि साहेबांनी तो पट बघता बघता बाईंच्या तळव्यांकडेच जास्त बघितलं. फळे, नकाशे आणि खिळा मारलेला बाक यांच्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. जाताना त्यांनी भेटीच्या वहीत एकच वाक्य लिहिलं: "इस विद्यालय में नियम सबके लिए समान पाया गया।" खाली सही केली.

संध्याकाळी आनंदी जिलबी घेऊन आली. बाईंनी जिलबी घेतली आणि शांतपणे विचारलं, की लिंबू, साखर, सरसूचं तेल आणि चुना यांनी मेंदीचं काय होतं, हे तिला माहीत होतं की नव्हतं.

"नवरीला हेच तर लावतात," आनंदी म्हणाली. "चटक रंग यावा म्हणून."

"मग काल बोलली का नाहीस?"

"पहिलं लिंबू पिळलं तेव्हाच बोलणार होते गं. पण इतकी सुंदर रंगत चालली होती, मला बोलवेना."

बाई तिच्यावर रागावणार होत्या. पण हातांची आग खरोखरच गेली होती, हे त्यांच्या तेवढ्यात लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वेळेवर अंगणात आल्या आणि हात पाठीमागे घेऊन आपल्या शेवटच्या ओळीकडे निघाल्या. तिथे त्यांना जागा मिळेना. कालिंदी होती, हे ठीक. पण तिच्या पलीकडे इंदू होती, पहिलीतल्या रडणाऱ्या त्या दोघी होत्या, चौथीचा अर्धा वर्ग होता. एकूण तेवीस मुली एका ओळीत खांद्याला खांदा लावून, हात पाठीमागे धरून, अत्यंत आनंदाने शिक्षा भोगत होत्या.

"हात दाखवा," बाई म्हणाल्या.

सेहेचाळीस तळवे पुढे आले. कालिंदीचे सोडले तर प्रत्येकावर एक कमळ होतं, आणि कमळाला एक वेल. काडीचं ते काम बाईंच्या ओळखीचं होतं.

"कुणी लावून दिली?" त्यांनी उगाचच विचारलं.

"आनंदीकाकूंनी," इंदू म्हणाली. "काल शाम को. त्या म्हणाल्या, औषध आहे."

 बाई म्हणाल्या, "जरा सरका," आणि कालिंदीने सरकून करून दिलेल्या वीतभर जागेत उभ्या राहिल्या.